जळका वास

धूर निघाला तरी ती शांत होती.

मुलाखतीत जोडायला दिलेल्या सर्किट बोर्डावरचा दिवा लागला नव्हता, म्हणजे तार कुठंतरी चुकली होती. कॉलेजच्या लॅबमध्ये असं झालं की ती निवांत विचार करायची, तार बदलायची, पुन्हा बघायची. मुलाखतीच्या टेबलाशीही ती तशीच विचार करत बसली. शेजारी बसलेल्या वर्गमित्रानं नाक वर केलं, तो ताडकन उठला आणि त्यानं तिच्या बोर्डाची वायर खेचली.

"अगं बाई, जळतोय तो! वास येत नाही का?"

वास येत होता. तो कशाचा, हे तिला माहीत नव्हतं.

मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी काळा पडलेला बोर्ड उचलला. "आजवर किती जाळलेत?"

"एकही नाही, सर." तिनं मान ताठ करून सांगितलं. याच गोष्टीसाठी लॅबचे सर सगळ्या वर्गाला तिचं उदाहरण देत.

"आणि तू रे?"

"मोजायचं सोडून दिलं, सर," मुलगा म्हणाला.

साहेब खो खो हसले. जागा एकच होती. ती त्याला मिळाली. तिच्या बाबांनी सकाळीच बजावलं होतं, नोकरी लागली तर ठीक, नाहीतर आत्यानं आणलेलं स्थळ.

ती तडक लॅबमध्ये आली. सर वायरी गुंडाळत होते.

"सर, आज तार उलटी लागली नि बोर्ड जळला. तशी मी इथंही जोडायची. कितीदा तरी. तेव्हा बोर्ड का नाही जळला?"

सरांचा चेहरा खुलला. त्यांनी तिला खिडकीकडच्या, मुलींच्या रांगेपाशी नेलं. टेबलाखाली काड्यापेटीएवढी डबी चिकटवलेली होती.

"तार चुकली की ही वीज तोडते. सुट्टीत येऊन एकट्यानं बसवल्यात सगळ्या. पोरी बिचकतात गं. एकदा धूर निघाला की पुन्हा हात लावत नाहीत. तळहाताच्या फोडासारखं जपलंय तुम्हाला."

ती वाकली. पलीकडच्या, मुलांच्या रांगेत एकेका टेबलाखाली बघत गेली. टेबलांवर जळल्याचे काळे डाग होते. डबी एकाही टेबलाला नव्हती.

"मुलांना का नाही बसवल्या?"

सरांना आधी प्रश्नच कळला नाही. मग ते मायेनं हसले.

"वेडी कुठली! अगं, त्यांना शिकायचं असतं."