शेवटची होडी

नौदलातून येऊन प्रांताधिकारी झालेल्या साहेबांचं महापुरात नाव झालं. सगळं गाव हलवून, कप्तानासारखे ते शेवटच्या होडीत चढले, हे निवृत्तीच्या समारंभातही जो तो सांगत होता. भाषणं आटोपल्यावर एक बाई फुलं घेऊन पुढे आली.

"मी तुमच्या टेलिफोनवाल्याची मुलगी."

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. 'मी सांगेपर्यंत फोन सोडायचा नाही,' हा हुकूम त्यांचाच. होडीत चढताना त्याला सांगायचं मात्र साफ राहून गेलं होतं.

"बाबा स्वतःच्या हट्टापायी बुडाले, असं आई अजून म्हणते. शेवटी निघणारा माणूस कुणाला मागे विसरेल होय?"

साहेबांनी फुलं घेतली. मान वर न करताच ते म्हणाले, "हट्टी होता खरा."