गुण आला

भागीच्या पायांना काही कळेनासं झालं होतं. करवंदीचा काटा मोडला तरी रक्त दिसल्यावरच तिला समजायचं. पाड्यावर येणाऱ्या नर्सबाईंनी तिला व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या. "वयामुळे होतं असं, आजी. रोज एक घ्या. पाय जागे होतील."

दोन महिन्यांनी नर्सबाई आल्या तेव्हा भागी दारात तळपायाला तेल चोळत बसली होती. बाईंनी तिच्या टाचेला टाचणी लावून पाहिली. भागीने झटकन पाय ओढून घेतला.

"गुण आला की, आजी!" बाई हसल्या.

"आला ना." भागीने उरलेल्या गोळ्या त्यांच्यापुढे ठेवल्या. "ह्या न्या परत. आता रानात काटा काटा टोचतो."

"मग चपला घाला ना."

"डोक्यावर मोळी असते. उतारावर चपलेनं पाय सटकतो." भागी खाली बघतच बोलत होती. "काल चालवलं नाय, अर्ध्या वाटंत मोळी टाकून आले. खर्डीच्या बाजारात मोळी इकली तर आमची चूल पेटते, बाई. पाय मेलेले होते तवाच चालत होते."