साधी झडप

"मुद्दाम साधी झडप बसवलीस मला! मुद्दाम!" साहेब गरजले. बाहेरच्या बाकावरचे पेशंट दचकून दाराकडे बघू लागले.

टेबलापलीकडच्या बाई हनुवटीखाली हात घेऊन ऐकत राहिल्या. दार सताड उघडं होतं. साहेबांच्या बायकोने मांडीवरची पर्स सारखी केली. तिला हे नवीन नव्हतं.

गरजायचं तर साहेबांना गळ्याच्या भोकावर अंगठा दाबावा लागे. कॅन्सरने स्वरयंत्र नेलं होतं. श्वासनळी आणि अन्ननलिका यांच्या मधल्या पडद्यात बसवलेली नखाएवढी सिलिकॉनची झडप, तिच्यातून हवा गेली तरच त्यांना आवाज. सिलिकॉन शरीराला चालतं, पण बुरशीलाही ते भारी आवडतं. बुरशी धरली की झडप नीट मिटत नाही, चहा थेट श्वासनळीत उतरतो, ठसके लागतात आणि आवाज बसतो. मग पुन्हा नवी झडप.

गंमत अशी, की बुरशी धरणार नाही असं सिलिकॉन बनवायचा ध्यास याच बाईंनी घेतला होता, तोही साहेबांच्या प्रयोगशाळेत, त्यांच्या हाताखाली असताना. सिलिकॉनच्या अंगावर पाणी धरून ठेवणाऱ्या पॉलिमरचा थर पक्का जोडायचा, म्हणजे बुरशीला पाय रोवायला जागाच उरत नाही. साहेबांनी भर बैठकीत त्यांचा नमुना उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकला होता. "सिलिकॉनला साधा डिंक चिकटत नाही, आणि हिचा थर चिकटणार म्हणे!" सगळे खो खो हसले. काम बंद पडलं. बाईंनी दुसरीकडे जाऊन, उमेदीची वर्षं घालून, ते पुन्हा उभं केलं. आता पेशंटवर चाचणी चालू होती. अर्ध्यांना नवी झडप, अर्ध्यांना साधी. दिसायला दोन्ही सारख्याच.

"कुणाला कुठली बसली ते चाचणी संपेपर्यंत मलाही सांगत नाहीत, सर."

"थापा मारू नकोस! बसवताना तूच उभी होतीस ना शेजारी? सूड उगवलास!"

साहेबांना तिळमात्र शंका नव्हती. बाईंच्या जागी ते असते, तर त्यांनी हेच केलं असतं. म्हणून तर दर तपासणीला येऊन ते बाईंचा असा उद्धार करत.

"काढ ही! आत्ताच्या आत्ता काढ. नाहीतर तुझं काम कसं बंद पाडायचं ते मला चांगलं ठाऊक आहे. एकदा पाडलंय मी!"

हे मात्र बाईंना लागलं. त्यांचा हात हनुवटीखालून निघाला.

"काढते. आधी एवढं सांगा, साधी झडप किती टिकते?"

"दोन महिने! फार तर तीन! माझ्या आधीच्या सगळ्या तेवढ्यातच गेल्या. हे तू मला विचारतेस?"

"आणि ही कधी बसवली?"

साहेबांनी हात उडवला. असल्या गोष्टी लक्षात ठेवायला बायको होती.

"धाकट्या लेकीच्या बाळंतपणात," बायको म्हणाली. "पोर आता भिंतीला धरून उभी राहते. आणि अहो, तुम्ही ओरडलात की दचकून बदकन खाली बसते."

बाईंचे डोळे भरून आले होते, पण आवाजात दयामाया नव्हती.

"तुम्ही येता तेव्हा हे दार मी मुद्दाम उघडं ठेवते, सर. बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जातं का, ते बघायला. आता बोला. काढू?"

साहेबांनी अंगठा गळ्यावर घट्ट दाबला. तोंड उघडलं. शब्द काही फुटेना.

या वेळी दोष झडपेचा नव्हता.