पहिल्या वाक्यात

क्षिप्राने हरिहर सरांचा नंबर काढला आणि फोन पुन्हा कोटाच्या खिशात टाकला. मागे पडद्याआड सिस्टर समृद्धी सुमतीकाकूंच्या हातातली सलाईनची सुई काढत होती. काकू गेल्या होत्या. त्यांच्या नवऱ्याला, म्हणजे हरिहर सरांना, ते अजून माहीत नव्हतं आणि सांगायचं क्षिप्रालाच होतं.

“मॅडम, मी काय बोलते,” समृद्धी पडद्यातून डोकं बाहेर काढून म्हणाली, “नुसतं सिरीयस आहेत बोला. सर इकडे आले की मग बघू. सगळे असंच करतात ना?”

सगळे असंच करतात, हे खरंच. आपल्याकडे माणूस फोनवर कधी मरत नाही. फोनवर तो फक्त सिरीयस असतो. मरायचं ते नातेवाईक दारात पोचल्यावर. मानपाड्याच्या या हॉस्पिटलातही पूर्वी तीच रीत होती. ती मोडली हरिहर सरांनी.

सर इथल्या आयसीयूचे प्रमुख. हाताखाली आलेल्या नव्या डॉक्टरला ते आधी बातमी सांगायला शिकवत, नळ्याबिळ्या घालायचं नंतर. स्वतः स्टुलावर बसून नातेवाईक व्हायचे. कधी भांडायचे, कधी समोरच्याची कॉलर धरायचे, कधी नुसतेच छताकडे बघत बसायचे. क्षिप्रा पहिल्यांदा त्यांच्यासमोर उभी राहिली तेव्हा तिने सुरुवात केली, “आम्ही खूप प्रयत्न केले...” सर स्टुलावरून ताडकन उठले. “तुझे प्रयत्न कोण विचारतंय? माणूस आहे की गेला? पहिल्या वाक्यात सांग!” बिचारी बाहेर जाऊन रडली. मग सरांनीच तिला कँटीनमध्ये नेऊन चहा पाजला आणि स्वतःची गोष्ट सांगितली.

ते मेडिकलला असताना गावाहून निरोप आला होता. वडील सिरीयस आहेत, निघून ये. खोपटहून एसटी पकडून ते निघाले. “वाटेत मी काय करत होतो सांगू? रक्त कोण देईल, रत्नागिरीला हलवायचं की मुंबईला आणायचं, हेच. घरी पोचलो तर तिरडी बांधून तयार. रडायला मला तेवढा रस्ता मिळाला असता. तोही लोकांनी काढून घेतला. का, तर म्हणे दया!”

त्यानंतर क्षिप्राने कुणालाही सिरीयस सांगितलं नव्हतं. शिव्या खाल्ल्या, पण खरं तेच सांगितलं.

आणि आज सकाळी तिनेच सरांना घरी पिटाळलं होतं. न्यूमोनियाने काकूंना इथे आणल्यापासून सर खुर्चीवरून हलले नव्हते. आज काकूंचा ताप उतरला होता. त्यांनी खुणेने चष्मा मागितला होता आणि सरांच्या वाढलेल्या दाढीकडे बघून नाकही मुरडलं होतं. “सर, नौपाड्याला जा, आंघोळ करा, चष्मा घेऊन या. मी आहे ना,” क्षिप्रा म्हणाली होती.

मी आहे ना! ती होतीच. काकूंचं हृदय थांबलं तेव्हा छाती दाबणारे हात तिचेच होते. त्या हातांनी काही झालं नाही. इतकी वर्षं शिकून, जवळ सगळी यंत्रं असून, काही म्हणजे काही करता आलं नाही.

एकदाच खोटं बोलावं, असं तिच्या मनात येऊन गेलं. साठी उलटलेला माणूस. मूलबाळ नाही. शेजारी हात धरायला कुणी नाही. पण मग ते इथे आल्यावर त्यांच्या डोळ्यांत बघून काय सांगणार? तुम्ही शिकवलेलं तुमच्याच वेळी विसरले? तिने नंबर लावला.

“हं, क्षिप्रा! हायवेच्या पुलावर आलोय. चष्मा घेतलाय, तिला सांग. आणि दाढीही केली.”

“सर,” ती म्हणाली, “गाडी तुम्ही चालवताय का?”

फोनवर सांगायचं असेल तर हा प्रश्न आधी विचारायचा, हेही त्यांनीच शिकवलेलं. पलीकडे नुसते हॉर्न वाजत राहिले.

“नाही. ड्रायव्हर आहे,” सर म्हणाले. त्यांचा आवाज एकदम लहान झाला होता. “सांग.”

“सर, काकू गेल्या.”

यापुढे समोरचा बोलेपर्यंत आपण बोलायचं नाही, असं सर सांगत. त्यांनी तसं सांगितलं नसतं तरी ती काय बोलणार होती? ती भिंतीला टेकून उभी राहिली. आपण त्या पुलावर, त्या गाडीत, त्यांच्या शेजारी असायला हवं होतं, असं तिला फार फार वाटलं.

“बरोबर सांगितलंस,” शेवटी सर म्हणाले. “शाब्बास.”

फोन बंद करायचं त्यांना सुचलं नसावं. त्यांचा श्वास ऐकू येत होता.

“सर?” तिने हाक मारली. “सर, ऐकताय ना?”

मग सरांचा आवाज आला, पण ते तिच्याशी बोलत नव्हते.

“जरा जोरात घ्या हो,” ते ड्रायव्हरला म्हणत होते, “बायको सिरीयस आहे माझी.”