उलथलेला दगड

ओहोटी लागली तशी आडिवरेकर बाई आठवीच्या मुलांना घेऊन किनाऱ्यावरच्या खडकांत उतरल्या. विज्ञानाचा हा तास त्या दरवर्षी इथेच घेत. पलीकडे जेसीबी तेच खडक उपटून नव्या बंधाऱ्यावर टाकत होता. ते थांबावं म्हणून अर्ज करून, ग्रामसभेत भांडून बाई थकल्या होत्या. उद्या इथलंही काही उरणार नव्हतं.

मुलांनी दगड उलथला. खाली खेकड्याची पिल्लं, शंखांची अंडी. बाई सांगू लागल्या, पण यंत्राच्या घरघरीत कुणालाच ऐकू येईना.

वैदेही तरातरा जेसीबीपाशी गेली. "दादा, दगड उलथला की होता तसा परत ठेवायचा. नाहीतर खालचे जीव उन्हानं मरतात. आमच्या बाई ओरडतात."

चालकानं इंजिन बंद केलं. "माहीत आहे. मलाही ओरडायच्या."

बाईंनी डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं. "सुहास?"

"होय बाई. मुकादम जेवून येईस्तोवर थांबतो. शिकवा तुम्ही."

बाईंनी शिकवलं. मुकादमाची मोटारसायकल दिसली तशी मुलं निघाली. शेवटचा दगड उलथाच राहिला होता. वैदेही वाकली.

"राहू दे गं," बाई म्हणाल्या. "आता काय उपयोग!" असं त्या आजवर कधीच म्हणाल्या नव्हत्या.

सुहास खाली उतरला. मुकादम हाका मारत असताना ओल्या वाळूत उकिडवा बसला आणि दोन्ही हातांनी तो दगड अलगद, होता तसा ठेवला.

मग वर चढून त्यानं इंजिन सुरू केलं.