उडदाचा दाणा

दानीएल मास्तरनं सदरा वर केला आणि पाठ पंचांकडे फिरवली.

पाठीवर जुन्या चटक्यांचे डाग होते. सहादेव म्हाताऱ्यानं मान वळवली. पाळक शमुवेल यांनी मात्र नीट पाहिलं. त्यांना गलबलून आलं आणि खरं सांगायचं तर थोडं हायसंही वाटलं. दया करायला काहीतरी कारण मिळालं होतं.

देवळाचा पत्रा चैत्राच्या उन्हानं तापला होता. राहात्याजवळच्या या लहानशा ख्रिस्ती मंडळीचा कारभार शमुवेल बावीस वर्षं ओढत होते. बांधाची भांडणं, नवरा-बायकोच्या कटकटी, लढाई संपली तरी न संपलेलं रेशन, सगळं त्यांच्याच दारात. जीव विटला होता. त्यात हे प्रकरण.

गिदोनची विधवा लेक छबूबाई मुलींच्या बोर्डिंगात स्वयंपाकाला होती. गेल्या महिन्यात कोठीच्या खोलीचं दार लावून बोर्डिंगच्या मास्तरनं, या दानीएलनं, तिच्यावर जबरदस्ती केली. तो नाकबूल जात नव्हता.

"माझ्या हातनं पाप झालं," तो म्हणाला. "पन मी कसा वाढलो, ते माझ्या बहिनीला इचारा. मग काय ते ठरवा."

मंडळीची रीत जुनी होती. पंच पाच, त्यांत दोन्ही बाजूंचं एकेक माणूस. प्रत्येकाला ज्वारीचा एक आणि उडदाचा एक दाणा मिळे. फडक्यानं झाकलेल्या तांब्यात एक टाकायचा. दुसरा मुठीतच ठेवायचा आणि बाहेर जाऊन चिमण्यांना टाकायचा, म्हणजे कुणी काय टाकलं ते कुणाला कळत नसे. ज्वारी म्हणजे क्षमा. पण क्षमा सगळ्यांची हवी; एक जरी उडीद निघाला तरी ती गेली.

पाचही ज्वारी निघाल्या तर दानीएलची राजूरच्या बोर्डिंगात बदली व्हायची होती. उडीद निघाला तर नोकरी जाणार आणि प्रकरण फौजदाराकडे. बदलीचं पत्र शमुवेलनी सकाळीच लिहून ठेवलं होतं. राजूरलाही स्वयंपाकाला बायकाच होत्या, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण थकलेला माणूस जवळची वाट बघतो.

छबूबाईच्या बाजूनं तिचा बाप गिदोन बसला होता. दानीएलनं आपल्या बाजूनं बहिणीला, मरियमला, बसवलं होतं. पंचांत ती एकटीच बाई. गावोगाव फिरून शुभवर्तमान सांगायची. दोन अनाथ पोरी तिनं वाढवल्या, पण त्यांच्यावर कधी हात उगारला नाही. भर उन्हाळ्यातही तिच्या पोलक्याच्या बाह्या मनगटापर्यंत असायच्या. मिशनच्या मडमांच्या संगतीत लागलेली सवय, असं शमुवेल समजत.

मरियम उभी राहिली.

"मानमोडीच्या साथीत आई-बाप एका आठवड्यात गेले," ती म्हणाली. "काकानं घरी नेलं. तो पिऊन यायचा, उलथनं चुलीत घालायचा. रडायचं न्हाई. रडलं की दुसरा चटका. आमी थंडीत गोठ्यात निजायचो, बैलांच्या पोटाला. भाकरी मागायचंबी भ्या वाटायचं. आठ वर्सं हे असंच हुतं. याच्यातलं एक अक्षर खोटं न्हाई."

एवढंच बोलून ती खाली बसली. भावाला सोडा असं काही ती म्हणाली नाही. शमुवेलना वाटलं, म्हणायची गरजच नव्हती.

पंचांतल्या गुरुजींनी डोळे पुसले. दानीएल हुंदके देत होता.

"झाड लहानपणीच वाकवलं, तर ते सरळ कसं वाढणार?" शमुवेल म्हणाले. "गिदोनभाऊ, आपण क्षमा शिकवणारी माणसं. ज्यानं इतकं सोसलं, त्याला सगळा दोष कसा द्यायचा?"



"माज्या पोरीला कसला दोष, पाळकसाहेब?" गिदोन म्हणाला. "तिनं तर त्याच्या काकाला डोळ्यानंबी बघितलं न्हाई."

बाहेर लिंबाखाली छबूबाई पाठमोरी बसली होती. तिला सगळं ऐकू जात असणार. शमुवेलनी घाईघाईनं प्रार्थना उरकली आणि दाणे वाटले.

एकेक जण उठला, फडक्याखाली हात घालून परत आला. शमुवेलनी तांब्या पाटावर उपडा केला.

चार ज्वारी. एक उडीद.

सगळ्यांच्या नजरा गिदोनकडे वळल्या.

"बसला पंच म्हून आन् घेतला सूड!" दानीएल ओरडला.

गिदोननं मूठ उघडली. तळहातावर उडदाचा दाणा होता. म्हणजे ज्वारी त्यानं तांब्यात टाकली होती.

"तुमच्या शब्दाखातर टाकली, पाळकसाहेब," तो म्हणाला. "छातीवर धोंडा ठिवून. आता पोरीला तोंड कसं दाखवू?"

शमुवेलना शरमेनं मान वर करवेना. सहादेवानं मूठ उघडली, गुरुजींनी उघडली. उडीदच. शमुवेलनीही आपला उडीद पाटावर ठेवला.

मरियमच्या मुठीत ज्वारी होती.

"तू?" दानीएलचा चेहरा पांढरा पडला. "आगं, समदं तूच तर सांगितलंस!"

"अर्धंच सांगितलं," मरियम म्हणाली. तिनं डाव्या बाहीचं बटण काढलं आणि बाही खांद्यापर्यंत सारली. मनगटापासून वर डागच डाग होते, दानीएलच्या पाठीवर होते तसेच.

"कोपराखालचे काकाचे हायेत, पाळकसाहेब," ती म्हणाली. "वरचे दानीएलचे."