उजेडात दिसेल असं मशीन

“बाबा, तुम्ही मागं हाय ना?”

नदीच्या गलक्यातून आलेली मधुकरची ती हाक भगवंतरावाच्या कानातून कधी गेलीच नाही. “हाय रे बेट्या, जाय पुढं!” असं आपण ओरडलो, हेही त्याला आठवत होतं. पुढचं त्याला आता डोळ्यांनी पाहायचं होतं. म्हणून पांढुर्ण्याहून बस धरून तो सौंसरला, हिरामणच्या फोटोच्या दुकानात येऊन बसला होता.

“काकाजी, दुनिया व्हिडिओ मागून राहिली, अन् तुम्ही हे भंगार!” हिरामणनं रीळ दाखवणारे दोन जुने प्रोजेक्टर पुढ्यात ठेवले. “हा मोठा जबर उजेड फेकते, पण तुमच्या खिशाले झेपणार नाही. हा लहान स्वस्त हाय. फक्त याले अंधारी खोली पाहिजे.”

“खोली उजेडाची हाय. दोन्ही दारं सताड उघडी राहतात.”

“मंग लावून घ्या ना! दार लावाले का पैसे पडते?”

“घरची बाई लावू देत नाही.”

हिरामणनं ओठावर आलेली थट्टा गिळली. मधुकरचं काय झालं, ते सौंसरलाही ठाऊक होतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळस रोवतात, त्याला झेंडा बांधतात. पांढुर्ण्याची पोरं तो तोडून आणायला पाण्यात उतरतात, सावरगावचे त्यांना अडवतात आणि दोन्ही काठांवरून गोटे सुटतात. मुलगा मधुकर गेला त्या साली भगवंतरावानंही सावरगावच्या रांगेवर गोटे फेकले होते, सगळेच फेकतात. मधुकर पळसापर्यंत पोचला आणि तिथंच पडला. गोटा कोणाचा, हे कोणी कोणाला विचारत नाही. तशी रीतच आहे.

भगवंतरावानं मात्र मनात विचारलं, आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकलं. सावरगावच्या रांगेत सर्वांत पुढं जयवंता होता. बायकोचा, वच्छलेचा, सख्खा भाऊ.

“समोरून लागला,” एवढंच वच्छला तेव्हा म्हणाली होती. भगवंतराव गर्दीतून वाट काढत पोचला, तोवर तिनं पोराचं डोकं आपल्या पदरात गुंडाळलं होतं. तो पदर तिनं कोणाला सोडू दिला नाही. शेवटची आंघोळही तिनंच घातली.

तेव्हापासून भगवंतरावानं तिचं माहेर बंद केलं. पूल ओलांडला की माहेर. पण माय वारली तेव्हा ती पुलापर्यंत गेली आणि नवऱ्याचा शब्द आठवून परत फिरली. तूर निवडताना कधी तरी गुणगुणायची,

*जाम नदीच्या पल्याड माह्या मायचं अंगण,*
*पाणी हातभर मधी, त्याले जन्माचं कुंपण.*

मागच्या महिन्यात नागपूरहून रीळ आलं. त्या साली एक पाहुणा वच्छलेशेजारी गच्चीवर उभा राहून कॅमेरा फिरवत होता. तो पाहुणा वारला, तेव्हा त्याच्या मुलानं सामान आवरताना रीळ पाठवून दिलं. आणि रीळ घरात आलं त्या दिवसापासून वच्छलेला अंधार सोसेना. दार लोटलं की म्हणायची, “माहा जीव घुसमटते.” जुनं दुःख उसळलं, असं भगवंतरावाला वाटलं. त्यानं तिच्यावर जोर केला नाही.

“असं करा,” हिरामण म्हणाला, “लहानच न्या. बल्ब नवा टाकून देतो. भिंतीच्या अगदी जवळ ठेवा. चित्र पाटीएवढं दिसन, पण उजेडातही दिसन.”

घरी वच्छला उंबऱ्याजवळ बसली होती. भगवंतरावानं मशीन भिंतीशी सरकवलं.

“पाहाच लागते का?” तिनं विचारलं.

“तुह्या भावाचा हात पाहाचा हाय मले. एकदा पाहतो, मंग मरतो.”

“असं बोलू नका.”

मशीन घरघरलं. विजेचा दाब कमी, दारातून ऊन आत आलेलं. भिंतीवर पाटीएवढी फिकट नदी हलू लागली. पळस दिसला. मग मधुकर दिसला, कमरेएवढ्या पाण्यातून पुढं जाणारा, जिता. भगवंतरावाचा हात आपोआप भिंतीकडं गेला आणि पोराच्या अंगावर त्याच्याच बोटांची सावली पडली. त्यानं हात मागं घेतला.

त्यानं पलीकडचा काठ न्याहाळला. जयवंता होता. पण त्याचे दोन्ही हात वर होते, रिकामे. तो तोंड उघडून ओरडत होता, थांबा थांबा म्हणत असावा. मधुकर पळसाला धरून उठला आणि सावरगावकडं तोंड करून पुढं कोसळला.

भगवंतरावानं रीळ उलटं फिरवून पुन्हा लावलं.

“वच्छले, जयवंता नोहे तो! गोटा मागून आला... आपल्याच काठावरून.”



चित्राच्या कोपऱ्यात, अलीकडच्या काठावर, एक पाठमोरा माणूस होता. उन्हानं पार धुऊन गेलेला. त्याचा हात मागं गेला, सुटला, आणि पोरगं पडलं. भगवंतराव उभा राहिला.

“कोण हाय हा? आपल्यातलाच हाय! सोडणार नाही मी याले. दार लाव, नीट पाहू दे.”

वच्छला उठली आणि दारात आडवी उभी राहिली.

“दार नका लावू. पाया पडते तुमच्या.”

“तुले माहीत हाय? इतकी वर्षं माहीत होतं तुले?”

“मी गच्चीवर होती ना. सारं पाहिलं मी.”

“मंग नाव सांग त्याचं! माय मेली तरी माहेरी गेली नाही, अन् कोणाले झाकून राहिली तू?”

वच्छलेनं भिंतीकडं पाहिलं. मग त्याच्याकडं.

“माणसाले आपली पाठ कधी दिसत नाही, मधूचे बाबा,” ती म्हणाली. “ती पाठ तुमची हाय.”